‘१९४४’ (युरोव्हिजन स्पर्धेतील युक्रेनचे विजयी गीत)

युरोव्हिजन ह्या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत २०१६ साली प्रथम क्रमांक मिळविणारे युक्रेनचे गीत. जमाला ह्या क्रिमियन तातार गायिकेने ते १४ मे २०१६ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे झालेल्या अंतिम फेरीत गाइले. गीताची कडवी इंग्रजीत असून ध्रुपद क्रिमियन तातार भाषेत आहे. ही भाषा युरोव्हिजनच्या मंचावर ह्या गीतामुळेच प्रथम ऐकू आली. मे १९४४ मध्ये सोव्हिएट शासनाने क्रिमियातील समग्र तातार समाजास हद्दपार केले. त्या घटनेचे वर्ष हेच गीताचे शीर्षक आहे. करमणूक हाच ज्या स्पर्धेचा प्रधान हेतू आणि राजकीय आशयास जिच्या नियमांनी बंदी, तीत असे गीत दाखल व्हावे आणि विजयी ठरावे, ह्यामुळे इतिहासाचे स्मरण कोठे संपते आणि राजकारण कोठे सुरू होते, हा प्रश्न युरोपात सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. गीताचे महत्त्व मुख्यतः ह्या प्रश्नाशी निगडित आहे.

युरोव्हिजन स्पर्धा : यूरोपीय प्रक्षेपण संघाची स्थापना १९५० मध्ये झाली. ह्या संघाने २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली गीतस्पर्धा भरविली. तीत सात देशांनी भाग घेतला. महायुद्धाने दुभंगलेल्या यूरोपातील राष्ट्रांना दूरचित्रवाणीच्या नव्या माध्यमाने एकत्र आणावे, ही त्यामागील कल्पना होती. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर पूर्व यूरोपातील अनेक नवी राष्ट्रे स्पर्धेत येऊ लागली. युक्रेनने २००३ साली प्रवेश केला आणि २००४ मध्ये इस्तंबूल येथे रुस्लाना ह्या गायिकेने त्या देशास पहिले विजेतेपद मिळवून दिले. २०१५ मध्ये युक्रेनने स्पर्धेत भाग घेतला नाही. एक वर्षाच्या खंडानंतर त्याने पाठविलेले गीत म्हणजे ‘१९४४’ होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील क्रिमिया द्वीपकल्पात पंधराव्या शतकापासून तातार खानांचे राज्य होते. बख्चिसराय ही त्यांची राजधानी. दुसऱ्या कॅथरिनच्या कारकीर्दीत, १७८३ मध्ये, रशियाने ते खालसा केले. त्यानंतर, विशेषतः क्रिमियन युद्धाच्या (१८५३–५६) सुमारास, तातारांनी मोठ्या संख्येने ऑटोमन साम्राज्यात स्थलांतर केले आणि स्वतःच्या भूमीत ते अल्पसंख्य झाले. मागे राहिलेल्या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रबोधनाची चळवळ उभी राहिली. तिचा प्रणेता इस्माईल गास्प्रिन्स्की (१८५१–१९१४) ह्याने १८८३ मध्ये बख्चिसराय येथून तरजुमान हे वृत्तपत्र सुरू केले आणि मुसलमान मुलांसाठी नव्या अध्यापनपद्धतीचा पुरस्कार केला. ह्या पद्धतीच्या प्रसारार्थ तो १९१२ मध्ये मुंबईसही आला होता. रशियन राज्यक्रांतीनंतर १९२१ मध्ये क्रिमियास स्वायत्त सोव्हिएट प्रजासत्ताकाचा दर्जा मिळाला. १९३९ च्या जनगणनेनुसार तेथील तातारांची संख्या २,१८,८७९, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सु. १९·४ टक्के, होती.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४४ ह्या काळात क्रिमिया जर्मनांच्या ताब्यात होता. त्या काळात काही तातार जर्मनांनी उभारलेल्या पथकांत सामील झाले. उलट हजारो तातार सोव्हिएट सैन्यात लढत होते. ‘सोव्हिएट संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब दोनदा मिळविणारा वैमानिक आमेत खान सुलतान ह्याची आई क्रिमियन तातार होती. तथापि क्रिमिया परत जिंकताच शासनाने संपूर्ण समाजावर फितुरीचा आरोप ठेवला. ११ मे १९४४ रोजी स्टालिनने हद्दपारीच्या हुकमावर सही केली आणि अंतर्गत व्यवहार खात्याचा प्रमुख लाव्रेंती बेरिया ह्याच्या देखरेखीखाली १८ मेच्या पहाटे कारवाई सुरू झाली. कुटुंबांना आवराआवरीस जेमतेम पंधरा-वीस मिनिटे देण्यात आली. २० मेपर्यंत सु. १ लक्ष ९० हजार लोकांना मालगाड्यांच्या बंद डब्यांत कोंबून पाठविण्यात आले, त्यांपैकी सु. दीड लक्ष उझबेकिस्तानात, तर उरलेले उरल पर्वताच्या परिसरात व अन्यत्र नेण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. कर्ते पुरुष आघाडीवर होते. युद्ध संपल्यावर त्यांनाही सैन्यातून मुक्त करून हद्दपारीतच धाडण्यात आले. प्रवासात आणि पहिल्या काही वर्षांत भूक, तहान व रोगराई ह्यांमुळे झालेल्या मृत्यूंच्या आकड्यांविषयी मतभेद आहेत. तातार कार्यकर्त्यांनी १९६० नंतरच्या दशकात स्वतः केलेल्या गणनेनुसार समाजाचा सु. ४६ टक्के भाग नष्ट झाला; अधिकृत कागदपत्रांवरून निघणारे प्रमाण ह्याहून बरेच कमी आहे, पण तेही भयावह आहे.

विस्मरण आणि पुनरागमन : लोकांच्या पाठोपाठ त्यांच्या खुणाही पुसण्यात आल्या. १९४५ मध्ये क्रिमियाची स्वायत्तता रद्द झाली, तातार ग्रामनामे बदलण्यात आली आणि १९५४ मध्ये हा प्रदेश युक्रेन प्रजासत्ताकास जोडण्यात आला. २८ एप्रिल १९५६ च्या हुकमाने हद्दपार तातारांवरील पोलिसी देखरेख उठली. मात्र क्रिमियात परतण्याचा वा जप्त मालमत्ता मागण्याचा हक्क त्यांना मिळाला नाही. ५ सप्टेंबर १९६७ च्या हुकमाने फितुरीचा सरसकट आरोप मागे घेण्यात आला. परंतु त्यात ‘क्रिमियन तातार’ असे नाव न घेता पूर्वी क्रिमियात राहणारे तातार नागरिक असा उल्लेख करण्यात आला. १९५९, १९७० व १९७९ च्या जनगणनांतही त्यांची स्वतंत्र नोंद नव्हती. एखाद्या समाजाची भूमी हिरावून घेणे आणि त्याचे नावही कागदोपत्री नाहीसे करणे, ह्या दोन्ही गोष्टी येथे बरोबरच घडल्या. साहजिकच हद्दपारीची आठवण सार्वजनिक जीवनात व्यक्त होऊ शकली नाही. ती घराघरांत, आजी-पणजींच्या तोंडून आणि गाण्यांतून टिकून राहिली.

ह्या मौनाविरुद्ध दीर्घकाळ शांततामय चळवळ चालली. हद्दपारीच्या वेळी सहा महिन्यांचा असलेला मुस्तफा जेमिलेव्ह (१९४३– ) हा तिचा प्रमुख नेता. त्याने अनेक वर्षे कारावासात काढली आणि १९७५-७६ मध्ये ३०३ दिवस उपोषण केले. पेत्रो ग्रिगोरेन्को हा युक्रेनियन सेनाधिकारी तातारांच्या बाजूने उभा राहिला. १९७८ मध्ये क्रिमियात परतलेल्या मुसा मामुत ह्याने पोलिसांच्या छळाच्या निषेधार्थ आत्मदहन केले. १९८७ मध्ये तातारांनी मॉस्कोच्या लाल चौकात निदर्शने केली. नोव्हेंबर १९८९ मध्ये सर्वोच्च सोव्हिएटने हद्दपारीची कृत्ये बेकायदा व गुन्हेगारी स्वरूपाची असल्याचे जाहीर केल्यानंतर तातार मोठ्या संख्येने परतू लागले. जून १९९१ मध्ये त्यांच्या कुरुलताई ह्या राष्ट्रीय सभेने मेजलिस ही प्रातिनिधिक संस्था निवडली. २००१ च्या युक्रेनच्या जनगणनेत क्रिमियाच्या स्वायत्त प्रजासत्ताकात सु. २ लक्ष ४३ हजार तातार आढळले. त्यांच्या भाषेची मात्र फार हानी झाली होती. यूनेस्कोने तिचा समावेश तीव्र संकटग्रस्त भाषांत केला आहे.

मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया आपल्या राज्यास जोडून घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २७ मार्च २०१४ रोजी १०० विरुद्ध ११ मतांनी ठराव करून युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेस पाठिंबा दिला. ५८ राष्ट्रे तटस्थ राहिली. जेमिलेव्हसह अनेक तातार नेत्यांना क्रिमियात प्रवेश नाकारण्यात आला. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी युक्रेनच्या संसदेने १९४४ ची हद्दपारी हा वंशसंहार असल्याचे घोषित केले. एका पिढीने मोठ्या कष्टाने परत मिळविलेली भूमी पुन्हा दुरावली, ह्या जाणिवेच्या काळात हे गीत लोकांसमोर आले.

गायिका आणि गीत : जमालाचे मूळ नाव सुसाना जमालादिनोव्हा. तिचा जन्म २७ ऑगस्ट १९८३ रोजी किर्गिझियातील ओश येथे, म्हणजे हद्दपारीच्या प्रदेशातच, झाला. तिचे वडील क्रिमियन तातार, तर आई आर्मेनियन. तिच्या बालपणीच कुटुंब क्रिमियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील अलुश्ता शहराजवळच्या मालोरीचेन्स्के ह्या गावी परतले. तातारांना घर विकण्यावर त्या वेळी अडथळे होते. म्हणून आईवडिलांनी कागदोपत्री घटस्फोट घेतला आणि आईच्या माहेरच्या आर्मेनियन नावावर घर घेतले, असे जमालाने सांगितले आहे. तिने सिम्फेरोपोल येथे व पुढे कीव्हच्या राष्ट्रीय संगीत अकादमीत संगीतिकागायनाचे शिक्षण घेतले. २००९ मध्ये लॅटव्हियातील यूर्माला येथील ‘नवी लाट’ ह्या स्पर्धेत तिला विभागून प्रथम क्रमांक मिळाला. २०११ मध्ये युरोव्हिजनसाठी झालेल्या युक्रेनच्या राष्ट्रीय निवडफेरीत तिने भाग घेतला होता. परंतु तेव्हा तिची निवड झाली नाही.

‘१९४४’ चे संगीत जमालाचे असून इंग्रजी शब्दरचनेत आर्ट आंतोन्यान ह्या कवीचा सहभाग आहे. गीताचे बीज तिच्या पणजीच्या आठवणींत आहे. पणजोबा सोव्हिएट सैन्यात लढत असतानाच ऐन तारुण्यातील पणजीला पाच मुलांसह मालगाडीत चढविण्यात आले. प्रवासात तिची लहान मुलगी दगावली आणि तिला रीतसर मूठमातीही देता आली नाही. कुटुंबात चालत आलेली ही हकीकत म्हणजे गीताची प्रेरणा होय. कडव्यांत परके लोक घरात शिरतात त्या क्षणाचे दर्शन आहे, तर ध्रुपदात मायभूमीत जगता न आल्याची खंत आहे. हे ध्रुपद ‘एय गुझेल किरिम’ (हे सुंदर क्रिमिया) ह्या निर्वासितांमध्ये लोकप्रिय असलेल्या गीतावरून घेतलेले आहे.

रचनेची काही वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. आरंभ मंद्र स्वरात व मोजक्या वाद्यांवर होतो. मधल्या भागात इलेक्ट्रॉनिक तालवाद्यांची साथ दाट होत जाते. आर्मेनियन परंपरेतील दुदुक ह्या सुषिर वाद्याचा स्वर त्यात मिसळलेला आहे. शेवटाकडे शब्द थांबतात आणि गायिका पौर्वात्य वळणाच्या दीर्घ आलापीत तारसप्तकात जाते. हा शब्दहीन विलाप गीताचा उत्कर्षबिंदू होय. शब्दयोजनेतील संयम त्याहून महत्त्वाचा आहे. संपूर्ण गीतात कोणत्याही राज्यकर्त्याचे, देशाचे वा लोकसमूहाचे नाव नाही. क्रिमियाचाही उल्लेख नाही. घटनेचा निर्देश केवळ शीर्षकातील चार अंकांत आहे. ज्यांस तो इतिहास ठाऊक आहे त्यांना हे अंक पुरेसे होतात. ज्यांस ठाऊक नाही त्यांना ते तो शोधावयास लावतात.

नियमांचा प्रश्न : २१ फेब्रुवारी २०१६ रोजी झालेल्या राष्ट्रीय निवडफेरीच्या अंतिम सामन्यात जमालाला आणि दुसऱ्या एका गायकवृंदाला समान गुण मिळाले, प्रेक्षकांच्या मतदानातील आघाडीमुळे जमालाची निवड झाली. त्यानंतर रशियातील काही राजकारण्यांनी हे गीत राजकीय असल्याचा आक्षेप घेतला. स्पर्धेच्या नियमांनुसार राजकीय स्वरूपाचे शब्द, भाषण वा हावभाव ह्यांना मज्जाव होता आणि त्याची उदाहरणेही ताजी होती. २००९ मध्ये जॉर्जियाच्या गीतात रशियन नेत्याच्या नावावर श्लेष असल्याचे ठरवून ते बदलण्यास सांगण्यात आले, तेव्हा जॉर्जियाने माघार घेतली. २०१५ मध्ये, १९१५ च्या आर्मेनियन हत्याकांडाच्या शताब्दी वर्षी, आर्मेनियाने आपल्या गीताचे वादग्रस्त ठरलेले शीर्षक बदलले. ‘१९४४’ च्या बाबतीत मात्र मार्च २०१६ मध्ये यूरोपीय प्रक्षेपण संघाने शीर्षक व शब्द ह्यांत राजकीय भाषा नसल्याचा निर्णय दिला. जमालाने स्वतः हे आपल्या कुटुंबाच्या दुःखाचे गीत असल्याचे सांगितले.

हा निर्णय नियमाच्या अक्षरास धरून होता. परंतु गीताचा अर्थ केवळ शब्दांत नसतो, तो ऐकणाऱ्याच्या काळातही असतो. अंतिम फेरीच्या अठरा दिवस आधी, २६ एप्रिल २०१६ रोजी, क्रिमियातील रशियन न्यायालयाने मेजलिसला अतिरेकी संघटना ठरवून तिच्यावर बंदी घातली, तर अंतिम फेरीनंतर चार दिवसांनी, १८ मे रोजी, हद्दपारीचा स्मृतिदिन होता. अशा वेळी १९४४ चे स्मरण हे २०१४ चे भाष्य म्हणूनही ऐकले जाणे अटळ होते.

स्पर्धा व मतदान : १२ मे रोजी दुसऱ्या उपान्त्य फेरीत हे गीत २८७ गुणांसह दुसरे आले. १४ मेच्या अंतिम फेरीत २६ देशांची गीते होती. परीक्षक मंडळांचे व प्रेक्षकांचे गुण स्वतंत्रपणे जाहीर करण्याची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली. परीक्षक मंडळांनी ऑस्ट्रेलियाच्या डॅमी इम हिला ३२०, जमालाला २११ आणि रशियाच्या सेर्गेई लाझारेव्ह ह्याला १३० गुण दिले. प्रेक्षकांनी लाझारेव्हला ३६१, जमालाला ३२३ आणि डॅमी इमला १९१ गुण दिले. एकूण बेरजेत युक्रेन ५३४, ऑस्ट्रेलिया ५११ व रशिया ४९१ असा क्रम लागला. म्हणजे परीक्षक आणि प्रेक्षक ह्यांपैकी कोणाच्याही यादीत पहिले नसलेले, परंतु दोन्ही याद्यांत दुसरे असलेले गीत विजयी ठरले.

ह्या आकडेवारीवरून दोन्ही टोकांच्या मतांना बाध येतो. युक्रेनविषयीच्या सहानुभूतीनेच गीत जिंकले असे म्हणावे, तर प्रेक्षकांची सर्वाधिक मते रशियास मिळाली. मतदानात राजकारण मुळीच नव्हते असे म्हणावे, तर रशिया व युक्रेन ह्यांच्या परीक्षक मंडळांनी परस्परांना एकही गुण दिला नाही. विशेष उल्लेखनीय बाब ही, की ह्याच दोन देशांच्या सामान्य प्रेक्षकांनी वेगळा कौल दिला : युक्रेनच्या प्रेक्षकांनी रशियन गीतास कमाल, म्हणजे १२, गुण दिले, तर रशियन प्रेक्षकांनी जमालाच्या गीतास १० गुण देऊन दुसरे स्थान दिले. दोन राज्यांतील वैर कळसास पोहोचले असताना त्यांचे नागरिक परस्परांची गीते आवडीने ऐकत होते, एवढे ह्यावरून निश्चित म्हणता येते.

परिणाम : विजयानंतर जमालाला ‘युक्रेनची लोककलाकार’ हा सन्मान मिळाला. गीताची पूर्वावस्था मे २०१५ मध्ये एका कार्यक्रमात गाइली गेल्याचे निदर्शनास आल्याने पुन्हा आक्षेप निघाला. परंतु त्यामुळे स्पर्धेत अनुचित लाभ झाला नसल्याचे संयोजकांनी ठरविले. प्रथेनुसार २०१७ ची स्पर्धा कीव्ह येथे झाली. रशियाने निवडलेल्या यूलिया सामोयलोव्हा ह्या गायिकेने २०१५ मध्ये क्रिमियात कार्यक्रम केला होता. ह्या कारणाने युक्रेनने तिला तीन वर्षे प्रवेशबंदी केली आणि रशिया त्या वर्षी स्पर्धेबाहेर राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यावर संघाने रशियास त्या वर्षीच्या स्पर्धेतून वगळले. त्या वर्षी कालूश ऑर्केस्ट्रा ह्या युक्रेनियन वृंदाचे ‘स्तेफानिया’ हे गीत ६३१ गुणांनी विजयी झाले; युद्धामुळे २०२३ ची स्पर्धा युक्रेनऐवजी ब्रिटनमधील लिव्हरपूल येथे भरविण्यात आली. जमालाला २०२२ मध्ये मुलांसह देश सोडावा लागला. २०२३ मध्ये क्रिमियन तातार लोकगीतांचा किरिम हा तिचा ध्वनिसंग्रह प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी रशियाने तिचे नाव हव्या असलेल्या व्यक्तींच्या यादीत घातले.

हद्दपारीच्या प्रश्नास ह्या काळात अधिक व्यापक मान्यता मिळत गेली. लॅटव्हिया व लिथ्युएनिया ह्यांच्या संसदांनी २०१९ मध्ये आणि कॅनडाच्या संसदेने २०२२ मध्ये तिला वंशसंहार म्हणून मान्यता दिली. मेजलिसवरील बंदी उठविण्याविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये अंतरिम आदेश दिला होता. रशियाने तो पाळला नाही, असे त्याच न्यायालयाने ३१ जानेवारी २०२४ च्या निकालात नमूद केले. ह्या घडामोडींचे श्रेय एका गीतास देणे योग्य होणार नाही. त्यांमागे तातारांच्या अर्धशतकाहून अधिक काळच्या चळवळीचे बळ आहे.

मूल्यमापन : युरोव्हिजनमधील विजयी गीते बहुधा अल्पजीवी असतात. ‘१९४४’ चे वेगळेपण त्याच्या संगीतगुणांत आहेच. पण त्याहून अधिक ते त्याने साधलेल्या कार्यात आहे. सोव्हिएट काळात ज्या समाजाचे नाव शासकीय कागदपत्रांत येऊ दिले गेले नाही, त्याची भाषा कोट्यवधी श्रोत्यांनी एकाच वेळी ऐकली. गीताने कोणावर आरोप केला नाही वा मागणी मांडली नाही. एका कुटुंबाची आठवण सांगितली. ज्या घटनेचा अद्याप सर्वमान्य न्याय झालेला नाही, तिचे साधे स्मरणही पक्षपाती वाटू लागते, हे त्यावरील वादाने दाखवून दिले. स्पर्धेच्या नियमांनी इतिहास आणि राजकारण ह्यांत रेषा आखली होती. हद्दपार झालेल्यांच्या वंशजांना मात्र ती रेषा कधीच आखता आली नव्हती, कारण पणजीने गमावलेले गाव पणतीच्याही वाट्याला पुन्हा आले नाही. मालोरीचेन्स्के येथील आपल्या आईवडिलांच्या घरी जाणे जमालालाही २०१४ नंतर शक्य राहिले नाही. गीतातील ध्रुपदाची खंत अशा रीतीने गायिकेच्या स्वतःच्या आयुष्यात उतरली.